गुंड्याची साखर

आमच्या गुंड्याला साखर झाली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही गोष्ट गल्लीत कळता कामा नये. माणसाला साखर होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या बेळगावच्या वडगावात तर पन्नाशी उलटूनही साखर नसलेल्या माणसाकडं लोक जरा संशयानंच बघतात, याच्या घरात खायला घालतात का नाही म्हणून. पण गुंड्या पडला बोका. बोक्याला साखर झाली आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचणारा इसम म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजचा ऑफिस सुपरिंटेंडेंट परशराम मुतगेकर, हे एकदा बाहेर पडलं असतं, तर माझ्या सहीला कॉलेजात कुणी विचारलं नसतं.

मूळ तक्रार पाण्याची होती. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते स्वतःच्या मर्जीनं, त्यामुळं घरात जेवढी भांडी तेवढी भरून ठेवायची पद्धत. गुंड्या त्या भांड्यांच्या रांगेनं फिरून पाणी प्यायला लागला, आणि प्यालेलं सगळं ठिकठिकाणी परतही करायला लागला. पायपुसण्यावर केलं, मी ते धुऊन वाळत घातलं. माझ्या हेल्मेटमध्ये केलं, ते मला सिग्नलला उभं राहिल्यावर कळलं. खाणं दुप्पट आणि अंग मात्र वाळत चाललेलं. शेवटी माझी बायको मंगल म्हणाली की त्याला डॉक्टरकडं न्या, नाहीतर मी नेते आणि माहेरीच राहते. या दोन गोष्टींचा संबंध मी विचारला नाही.

कॅम्पातल्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही त्याला भाजीच्या प्लॅस्टिक टोपलीत घालून नेलं, वर दुसरी टोपली पालथी बांधून. तिथं मिलिटरी साहेबांची कुत्री बसली होती. बसली होती म्हणजे खरोखरच बसली होती, शिस्तीत, ताठ मानेनं. आमच्या टोपलीतून मात्र असा आवाज येत होता की जणू आत कुणाचा तरी गळा दाबला जातोय. काउंटरवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, मी गुंड्या सांगितलं. ब्रीड काय म्हणाली. मला वाटलं गाव विचारते आहे, मी वडगाव सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं आणि थोड्या वेळानं भरल्या खोलीत हाक मारली, ‘गुंड्या मुतगेकर के पप्पा!’ कोपऱ्यात आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचे वडील ससा घेऊन बसले होते. फी उशिरा भरल्याबद्दल त्यांना मी आदल्याच आठवड्यात चार शब्द सुनावले होते. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून बोचतो.

डॉक्टर अमृत वयानं लहान, पण माणूस नीट समजावून सांगणारा. दोन वेळा, खाणं झाल्यावर, अगदी थोडं इन्सुलिन द्यायचं. साखर घरीच तपासायची, कारण दवाखान्यात आल्याच्या भीतीनंच मांजराची साखर चढते. कोमट फडक्यानं कान शेकायचा, कानाच्या कडेला सुई टोचायची आणि येईल तो थेंब माणसांच्याच मशीनला लावायचा. दूध, पोळी, भात बंद. उकडलेलं चिकन चालू. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, ‘एक लक्षात ठेवा. इन्सुलिन कमी पडलं तर एक वेळ चालेल, जास्त झालं तर जीव जाईल. दिलं का नाही अशी शंका आली, तर देऊ नका. डुलायला लागला, पडला, तर हिरड्यांना काहीही गोड चोळा आणि थेट माझ्याकडं या.’

मंगलनं मला सरावासाठी एक टोमॅटो दिला. टोमॅटोला मी फार सफाईनं इन्सुलिन दिलं. पण टोमॅटो पलंगाखाली पळत नाही. गुंड्याला मशीनच्या डबीची चेन उघडल्याचा आवाज दोन दिवसांत पाठ झाला. ती करकरली की तो पलंगाखाली, त्याच्या मागं ऑफिसची पँट घालून मी पालथा, आणि बाहेरून मंगल मला दिशा सांगणार. मग ती त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून मुटकुळं करायची, तोंड आणि कान तेवढे बाहेर. पहिले काही दिवस थेंब आला की पट्टी चुकायची, पट्टी लागली की थेंब वाळायचा. एकदा सगळं जुळलं, आकडा सुंदर आला, मंगलनं लगेच डॉक्टरांना कळवला. डॉक्टरांनी आनंद व्यक्त केला. सुई माझ्याच बोटात घुसली होती आणि तो थेंब माझा होता, हे सांगायला मला संध्याकाळ व्हावी लागली. माझी प्रकृती ठणठणीत आहे एवढं त्या निमित्तानं सिद्ध झालं. त्याचा मला पुढं काहीही उपयोग झाला नाही.

कारण त्याआधीच मी औषधाच्या दुकानात गेलो होतो. दुकानात गर्दी. दुकानदार समर्थ हा माझा जुना विद्यार्थी नसूनही मला सर म्हणतो. त्यानं इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत घालता घालता, कुणाला हवंय सर, असं विचारलं. मागं बारा डोळे. मी म्हणालो, घरच्यालाच. तो क्षणभर थांबला, माझ्या पोटाकडं बघितलं आणि काळजी घ्या म्हणाला. मी घरी पोचेपर्यंत माझी साखर माझ्याआधी पोचली होती.

शेजारच्या अंजनीआक्का दारातच उभ्या होत्या. त्यांच्या घरात दोन यंत्रमाग आहेत, साड्यांचे. त्या खडखडाटात सारा जन्म बोलत आल्यामुळं त्यांचं कुजबुजणंही पुढच्या चौकात ऐकू जातं. कुणाला सांगणार नाही, असं त्यांनी मला वचन दिलं, ते साधारण अर्ध्या गल्लीनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा रस सुरू झाला. हिरवागार पेला घेऊन आक्का सकाळी यायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा मी कुंडीत ओतायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, झाडाला साखर न्हाय, सर. मंगल दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. खरं सांगून टाका असं ती रोज म्हणायची. पण मी हिशेब केला होता: मधुमेही सुपरिंटेंडेंट सन्मानानं रिटायर होऊ शकतो, बोक्याचा पप्पा होऊ शकत नाही.

या सन्मानाची किंमत मी मोजत होतो. ऑफिसात एकाचा मुलगा नोकरीला लागला, त्यानं खव्याच्या कुंद्याचा बॉक्स फिरवला. मी हात पुढं केला आणि बॉक्स त्यावरून अलगद पलीकडं गेला. शिपायानंसुद्धा दोन चमचे घेतले. बेळगावात जन्मून, भर ऑफिसात, माझ्या नाकाखालून कुंदा निघून गेला आणि वर सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं, सर किती कडक पथ्य पाळतात म्हणून. घरी वेगळीच अब्रू चालली होती. श्रावण लागला तरी गुंड्याचं चिकन उकडतच होतं. वास आक्कांपर्यंत गेला. त्या मंगलला बाजूला घेऊन हळूच, म्हणजे भावकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, आजारी माणसाला देव माफ करतो, तू मनाला लावून घेऊ नको.

एवढं सगळं सोसून गुंड्याची साखर उतरेना. डॉक्टर थोडं थोडं इन्सुलिन वाढवत गेले. बाहेर कुठं खातो का, असं त्यांनी विचारलं. मला ते लागलं. आमच्या हातचं सोडून तो दुसऱ्या कुणाचं तोंडात घेत नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

इथं आमच्या मागच्या घरातल्या नागराज हिरेमठांबद्दल सांगितलं पाहिजे. वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस, आमची परसभिंत एकच, आणि पाच-सहा वर्षं आमचं बोलणं बंद. कारण गल्लीच्या नावाचा बोर्ड. त्यांनी पुढाकार घेऊन कानडीत बोर्ड लावला. खाली मराठीत पाहिजे म्हणून मी अर्ज दिला. मराठी अक्षरं आकारानं कानडीपेक्षा लहान का, म्हणून आमच्या बाजूनं दुसरा अर्ज गेला. मोठी का, म्हणून त्यांच्या बाजूनं तिसरा. शेवटी दोन्ही भाषांतला बोर्ड बसला आणि पहिल्याच वळवाला उडाला. तेव्हापासून तिथं नुसता खांब आहे. पत्ता शोधत येणारी माणसं दोन्ही भाषांत सारखीच चुकतात. पण तत्त्व ते तत्त्व. भिंतीपलीकडं नागराज खाकरले तरी मी आत जात असे, आणि मी खाकरलो की ते.

तर एक दिवस गुंड्या नाहीसा झाला. सकाळी टोचून घेऊन भिंतीवरून गेला तो आलाच नाही. दुसरा दिवसही गेला. मंगलनं जेवण सोडलं. मी ऑफिसातून येताना प्रत्येक गटारात वाकून बघत होतो, आणि बघणाऱ्यांना वाटत होतं की सरांना चक्कर येते आहे. माझ्या टोचण्याला कंटाळून त्यानं घर सोडलं, असं माझ्या मनानं घेतलं. रात्री टॉवेल दिसला की मी तो घडी करून पुन्हा तिथंच ठेवायचो. लोकांना काय वाटेल याचा विचार त्या दोन दिवसांत मी केला नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीवरून उतरून आला, अंगाला साबणाचा वास, पुढच्या एका पायावरचे केस कुणीतरी चौकोनी काढलेले. कुण्या उनाडाचं काम म्हणून आम्ही दोघांनी अज्ञात माणसाला मनसोक्त शिव्या दिल्या. पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून संध्याकाळी मी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवर नागराज उभे होते. समर्थ त्यांच्यासमोर बर्फाची पिशवी ठेवून आत काहीतरी आणायला गेला होता. पिशवीतल्या खोक्याकडं माझं लक्ष गेलं. माझ्या हातातल्या पट्ट्यांच्या रिकाम्या डबीकडं त्यांचं गेलं. आम्ही दोघं मान वळवून उभे राहिलो. मग त्यांनीच खाकरून विचारलं,

‘तुमालाबी?’

‘व्हय,’ मी म्हणालो. ‘तुमाला?’

‘परवाच निघालं. जावई डॉक्टर हाय निपाणीला, त्यानं दोन दिवस ठेवून घेऊन तपासलं.’

बोर्डाचा खांब माझ्या डोळ्यांसमोरून सरकला. काही झालं तरी आजारी माणूस. मी धीर दिला, सुरवातीला हात थरथरतो, मग बसतो. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘टोचताना लई तडफडतंय काय री?’ त्यांनी विचारलं. त्यांचं मराठी कानडी वळणाचं, ‘अहो’च्या जागी ‘री’ आणि लिंगाची गल्लत व्हायचीच, म्हणून मी ते सोडून दिलं. तडफडतं, पण सवय होते, असं सांगितलं. ‘धरायला माणूस लागतं?’ मी म्हणालो, लागतं तर, आमच्यात मंगल धरते, टॉवेलात गुंडाळून. नागराजांनी माझ्याकडं असं बघितलं, की एवढा मोठा माणूस आणि बायकोनं धरल्याशिवाय सुई टोचून घेत नाही. पण ते भले गृहस्थ. आमच्याकडं आमची बायको सुवर्णा धरेल, एवढंच म्हणाले. पाच-सहा वर्षांनी आम्ही बोललो, आणि दोघंही दुसऱ्याच्या प्रकृतीची मनापासून काळजी करत घरी गेलो. ते वाटेत कुणाकडं तरी टेकले, मी सरळ घरी आलो. दिवेलागणीला गुंड्याला खायला घातलं, इन्सुलिन दिलं, आणि तो भिंतीवरून फिरायला गेला.

आम्ही जेवायला बसलो असताना परसात काहीतरी पडल्याचा आवाज आला. भिंतीवरची उडी गुंड्या जन्मात चुकला नव्हता. तो धुण्याच्या दगडाजवळ पडला होता. उठायला बघत होता आणि मागचे पाय फाकून पुन्हा बसत होता, दारू प्यायलेल्या माणसासारखा. डोळे माझ्यावर होते, पण मी त्याला दिसत नव्हतो. मंगलनं त्याला मांडीवर घेतलं. मी मशीन आणलं. त्या दिवशी डबीची चेन करकरली आणि तो हलला नाही. आकडा इतका खाली होता की मी मशीन झटकलं.

‘गोड आणा, काहीतरी गोड,’ मंगल ओरडली. आमच्या घरात माझ्या आजाराला शोभावं म्हणून साखरेचा डबा माळ्यावर टाकला होता. मी स्टूल शोधत धावलो, तेवढ्यात भिंतीवर नागराजांचं डोकं उगवलं.

‘पुट्टू! पुट्टू!’ त्यांनी हाक मारली, आणि मंगलच्या मांडीकडं बघून थांबले. ‘सर, आमचं मांजर तुमच्यात काय करायलंय? काय झालं त्याला?’

‘तुमचं?’

‘आमचं. आत्ताच इन्सुलिन देऊन सोडलंय त्याला.’

मी स्टूल धरून उभा होतो. ‘मीबी दिलंय,’ मी म्हणालो.

 सुवर्णावहिनींनी भिंतीवरून काकवीची बाटली दिली, मंगलनं बोट बुडवून त्याच्या हिरड्यांना काकवी चोळली. नागराज वयाच्या सत्तरीजवळ भिंत ओलांडून आले, त्यांच्या लुंगीचं टोक खिळ्याला राहिलं. मग त्यांच्या गाडीतून आम्ही चौघं आणि टोपली कॅम्पाकडं निघालो. नागराज गाडी चालवत होते, सुवर्णावहिनी कानडीत देवाला सांगत होत्या, मंगल मराठीत गुंड्याला सांगत होती, आणि मी बोटानं काकवी चोळत राहिलो. माझी बोटं त्याच्या दातांत होती. त्यानं चावावं असं मला फार वाटत होतं.

डॉक्टर अमृत फोनवरूनच तयार राहिले होते. किती दिलं, म्हणून त्यांनी विचारलं, आणि दोन उत्तरं एकदम आली. त्यांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, गुंड्याला आत नेलं, सलाइन लावलं. परत आल्यावर ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ‘त्याला साखर आहे हे तुम्ही दोघांनी लपवलं कशासाठी?’ त्यांनी विचारलं. ‘एकानं जरी दुसऱ्याला सांगितलं असतं, तरी हे झालं नसतं.’

बाकड्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. तेव्हा सगळं उलगडलं. निपाणीचे जावई जनावरांचे डॉक्टर. पायाचे केस त्यांनी काढलेले, रक्तासाठी. उनाड म्हणून आम्ही शिव्या दिल्या त्या त्यांना. पुट्टू गेली तीन वर्षं दुपारभर नागराजांच्या खुर्चीत, त्यांच्या पोटाला टेकून झोपायचा. मुलगा बेंगळुरूला, मुलगी निपाणीला; दुपारी घरात तेवढीच एक हालचाल. आणि रोज झोपायच्या आधी त्याला थोडा कुंदा. मी उसळलो. इकडं मी कारल्याचा रस पिऊन मरतोय आणि तिकडं तुम्ही त्याला कुंदा चारताय. नागराज खाली बघून म्हणाले, ‘त्याला आवडतंय री.’ आतून डॉक्टर म्हणाले की मांजराला गोड चव कळतच नाही, त्याला खवा आवडत असणार. म्हणजे साखर बिचाऱ्याला चव न लागताच झाली होती.  थोड्या वेळानं आतून एक बारीक, चिडकं म्याँव ऐकू आलं. नागराजांनी माझा हात धरला. बऱ्याच वेळानं सोडला.

मग रीत ठरली. इन्सुलिन एकच, आमच्या फ्रिजमध्ये. टोचायचं मी, धरायचं नागराजांनी, दोघं हजर असल्याशिवाय सुई नाही. नाव मात्र ठरलं नाही. तो दोन्ही नावांकडं सारखंच दुर्लक्ष करतो. कुंदा बंद झाला आणि महिन्याभरात साखर उतरायला लागली. डॉक्टर इन्सुलिन कमी करत गेले आणि एक दिवस बंद करा म्हणाले. मांजरात कधी कधी असं होतं, पण साखर पुन्हा येऊ शकते, तपासत राहा असंही बजावलं.

गल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी आक्कांनी आम्हाला गाडीत बसताना बघितलं, पण टोपली बघितली नाही. सर घेरी येऊन पडले असं त्यांनी ठरवलं. आता खरं सांगावं असं मी नागराजांना म्हणालो होतो, पण आम्ही दोघांनी एकमेकांच्या अब्रूचा विचार करून ते पुढं ढकललं. तेवढ्यात समर्थनं कुणाला तरी सांगितलं की सर आणि हिरेमठ दोघांचंही इन्सुलिन सुटलं. झालं. आमच्या नागरिक मंडळाचे अध्यक्ष यमनाप्पा यांना निवडणुकीला उभं राहायचंय. त्यांनी समाजभवनात मधुमेह शिबिर लावलं आणि त्यात आमचा जोडीनं सत्कार ठेवला. कारल्याच्या रसाबद्दल अंजनीआक्कांचाही.

स्टेजवर आधी सगळ्यांसमोर आमच्या बोटाचं रक्त घेतलं. दोघांचीही साखर उत्तम निघाली, न निघायला काय झालं होतं. यमनाप्पांनी माइकवर आकडे वाचले, टाळ्या पडल्या, आमच्या खांद्यांवर शाली आल्या. कारल्यानं आणि निर्धारानं काय होतं ते बघा, असं ते म्हणाले. मी शालीत घाम पुसत होतो. नागराज माझ्या कानाशी म्हणाले, गप बसा सर, आता संपतंय. आणि मी बसलोही असतो.

पण पुढच्या रांगेतून भरमू उठले. आक्कांच्या मागावर काम करणारे, साठी गाठलेले, साखरेनं पायाची एक करंगळी गेलेली. ते हात जोडून म्हणाले, ‘म्हंजे म्याबी गोळ्या सोडून रसच घ्यावा काय?’

यमनाप्पांना टाळ्यांची धुंदी होती. हरकत न्हाय, असं ते माइकवर म्हणून गेले. आक्कांनी मान डोलावली. भरमूंच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला, की मला बसवेना.

मी उठलो. माइक हातात घेतला. ‘भरमूअण्णा, गोळ्या सोडू नका,’ मी म्हणालो. ‘मला साखर कधीच नव्हती. साखर आमच्या बोक्याला झालती. इन्सुलिन त्यालाच देत होतो, मी.’

 इतके महिने मी ज्या हसण्याला भीत होतो, ते शेवटच्या रांगेतून सुरू झालं, आणि ते स्टेजपर्यंत पोचायच्या आत नागराज माझ्या शेजारी उभे राहिले. माइक माझ्या हातातून ओढून घेतला.

‘एक मिनिट री,’ ते म्हणाले. ‘बोका त्यांचा एकट्याचा न्हाय. निम्मा आमचा हाय.’

मग मात्र छप्पर उडायची वेळ आली. पोरं बाकड्यांवर चढली, यमनाप्पा राष्ट्रगीत लावा म्हणून खुणा करायला लागले. अंजनीआक्का तडक निघून गेल्या आणि पंधरा दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. ‘बोक्यासाठी मी रोज कारली किसली,’ असं त्या सगळीकडं सांगत होत्या. त्यांची बाजू मला पटते. ऑफिसात माझ्या टेबलाजवळून जाताना लोक हळूच म्याँव करत. एका फाइलवर कुणीतरी मिशा काढल्या. मी सही केली.

पुढच्या रविवारी सकाळी भरमू दारात आले, हातात शर्टाच्या खिशातून काढलेली नवी मशीनची डबी. पोरानं आणून दिली होती, पण सुई बघितली की पोरगंच घाबरतं, म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली. नागराजही आले होते, सवयीनं टॉवेल घेऊन, आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मी भरमूंच्या बोटाला कापूस लावला. एवढी वर्षं माग चालवून कडक झालेलं बोट, कुठं टोचावं म्हणून मी जरा घुटमळलो.

‘टोचा बिनघोर, सर,’ भरमू डोळे मिटून म्हणाले. ‘मी काय चावत न्हाय.’